सर, तोंड इकडे!
माझ्या वर्गात एक मुलगी होती, कानाला मशीन, पहिल्या बाकावर बसायची. आणि मी मनातल्या मनात खूश, की बघा पुढे बसवलंय तिला, झालं आपलं समावेशक शिक्षण! आणि अर्धा तास फळ्यावर लिहीत लिहीत, फळ्याकडेच तोंड करून बोलत असायचो. ती ओठ बघून समजून घेते हे मला माहीत होतं बरं का, तरीही.

शेवटी तिनेच वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं, 'सर तुम्ही वळता तेव्हा धडा बंद होतो.' काय बोलणार?

मग जरा वाचलं, विचारलं. चष्मा लावला की दिसतं तसं मशीन लावलं की ऐकू येतं असं मी समजत होतो, पण ते मशीन पंखा, बाक सरकल्याचा आवाज, सगळंच मोठं करतं. आणि ओठ वाचणं म्हणजे निम्मा अंदाजच. आरशासमोर आवाज न काढता पाय, बाय, माय म्हणून बघा, तिन्ही एकसारखेच दिसतात. त्यात माझ्या भरघोस मिशा!

मग सवय बदलली, आधी लिहायचं, वळायचं, मग बोलायचं. मागून कोणी प्रश्न विचारला की तो परत म्हणायचा. व्हिडिओ सबटायटल असलेलाच लावायचा. यात पैसा लागला नाही, कोणाची परवानगी पण नाही, आणि गंमत म्हणजे मागच्या बाकावरच्या बाकीच्यांनाही एकदम समजायला लागलं.

पुढच्या वर्षी एक अंध मुलगा आला, तेव्हा उलटीच फजिती. 'हे इकडचं तिकडे नेलं की हे असं होतं', गणित शिकवताना आपण किती वेळा असं म्हणतो मोजा एकदा. त्याला मी नोट्सची पीडीएफ पाठवली आणि ती निघाली वहीच्या पानांचे फोटो. स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्यात काय वाचणार, नुसत्या फोटोत त्याला अक्षरच सापडत नाही. सगळं परत टाईप केलं, रात्री बारापर्यंत.

सगळ्या मुलांना नेहमीच्या शाळेत सोबत शिकवा म्हणणारा १९९४ चा सालामांका जाहीरनामा आहे, २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात कलम २४ आहे, त्यात सगळ्यांसोबत शिकायचा हक्क स्पष्ट लिहिलाय. पण प्रवेश दिला, रॅम्प बांधला की आपण मोकळे, आणि मूल वर्गात असूनही त्याचं सगळं सोबतच्या मदतनीस ताई बघणार, शिक्षक त्याला एक प्रश्नसुद्धा विचारणार नाही. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. आणि पेपरला जादा वेळ दिला की 'सवलत' म्हणणारे लोक, त्यांच्याशी तर मी आता वादच घालत नाही, डोळ्यावर पट्टी बांधून एक आकृती समजून घ्या म्हणतो.

माझी मान अजूनही घाईत वळतेच. पण आता लगेच मागून कोणीतरी ओरडतं, सर, तोंड इकडे!