फोन करणाऱ्याला कोण ट्रेनिंग देणार?

मी बडोद्यात मानसिक आजाराच्या वॉर्डमध्ये सिस्टर आहे आणि माझे धाकटे दीर गुजरात पोलिसात एएसआय आहेत, त्यामुळे आमच्याकडे रविवारी जेवायला सगळे एकत्र बसले की कुणाला कसं आवरलं ह्याच गोष्टी चालतात, आणि सासूबाई वैतागतात की वरण-भात तरी सुखानं खाऊ द्या. गेल्या रविवारी विषय निघाला अमेरिकेतल्या पोलिसांचा. मी सध्या त्यांच्या डी-एस्कलेशन ट्रेनिंगबद्दल बरंच वाचतेय, म्हणजे चिडलेल्या, घाबरलेल्या माणसाला मारझोड न करता, शक्यतो हातही न लावता खाली कसं आणायचं ते. तिकडे काळ्या लोकांशी पोलिसांचे संबंध सुधारायचे म्हटलं की पहिला उपाय हाच सांगतात.

आधी आमच्याकडचं सांगते. एकदा नाइट ड्यूटीला एक पेशंट सलाइनचा स्टँड उचलून दारात उभा राहिला. तगडा माणूस, डोळे लाल, आणि एकच ओरडतोय, "सगळे बाजूला व्हा." अशा वेळी नवीन अटेंडंट हमखास दोन चुका करतो, एक तर पुढे जातो आणि दुसरं म्हणजे "शांत व्हा, शांत व्हा" म्हणून स्वतःच ओरडतो. आम्हाला शिकवलंय ते उलटं. बाकीच्या पेशंटना आधी दुसऱ्या खोलीत न्यायचं, बोलणार फक्त एकजण, बाकी सगळे गप्प, उभं राहायचं जरा तिरकं, दोन-अडीच हात लांब, हात त्याला दिसतील असे, आणि त्याची बाहेर पडायची वाट अडवायची नाही. मी विचारलं, भाई, काय हवंय तुम्हाला. दोन-तीनदा शिव्या खाल्ल्या. मग कळलं की त्याच्या चपला लॉकरमध्ये ठेवल्या होत्या आणि त्याला वाटत होतं की चपला नेल्या म्हणजे आता आपल्याला कधीच सोडणार नाहीत. चपला आणून दिल्या, स्टँड खाली आला. वेळ लागला पण कुणाला खरचटलं नाही.

तर अमेरिकेत २०२० साली काही संशोधकांनी ह्या ट्रेनिंगवरचे चाळीस वर्षांतले ६४ अभ्यास गोळा करून तपासले, आणि निघालं काय, तर त्यातले बहुतेक नर्सिंग आणि मानसोपचारातले! म्हणजे ही विद्या मुळात आमची, पोलिसांनी नंतर उचललीय. हे मी ताटावर जरा ऐटीतच सांगितलं. भावजी हसले, म्हणाले, "वहिनी, तुमचा पेशंट तुमच्या ओळखीचा असतो, त्याचे खिसे आधीच तपासलेले असतात. तिकडे तर ज्याच्या-त्याच्याकडे पिस्तूल. तिथं चपलांची चौकशी करत बसले तर पोलीसवाला घरी येईल का?"

मुद्दा चुकीचा नाही. तिकडच्या पोलिसाची भीती खोटी नाही, पण ती भीती त्याला शिकवलीसुद्धा जाते. १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्यूलर नावाच्या पोलिसानं एक लेख लिहिला की चाकू घेतलेला माणूस दीड सेकंदात २१ फूट येतो, तेवढ्यातच पोलिसाचं पिस्तूल बाहेर निघतं. तो सांगत होता की सावध रहा, अंतर ठेवा. पण पुढे ट्रेनिंगमध्ये त्याचा नियमच होऊन बसला, की २१ फुटांच्या आत चाकू दिसला की गोळी घालणं बरोबरच. आणि २०१५ मध्ये तिथल्या पोलीस अधिकाऱ्यांच्याच पीईआरएफ ह्या संस्थेनं पाहणी केली तर नवीन भरती झालेल्याला बंदुकीचं ट्रेनिंग साधारण ५८ तास, झटापटीचं ४९ तास, आणि माणसाला बोलून शांत करायचं ८ तास. आठ! आम्हाला इंजेक्शन कसं द्यायचं ह्याला त्यापेक्षा जास्त वेळ दिला होता हो.

मग ह्याच संस्थेनं अमेरिकन अधिकाऱ्यांना स्कॉटलंडला नेलं. तिथले बहुतेक पोलीस बिनबंदुकीचे, तरी चाकूवाल्यांना धरतातच की. कसं, तर मागे सरकून, आडोसा घेऊन, वेळ काढून, बोलत राहून. तिथून परत येऊन २०१६ मध्ये त्यांनी आयकॅट नावाचं ट्रेनिंग काढलं आणि लुईव्हिल शहरात २०१९ मध्ये ते देऊन नीट मोजलं. बळाचा वापर २८ टक्क्यांनी कमी, नागरिकांच्या जखमा २६ टक्क्यांनी कमी, आणि पोलिसांच्या स्वतःच्या जखमा ३६ टक्क्यांनी कमी. हा शेवटचा आकडा सांगितल्यावर भावजींनी भाकरी मोडता मोडता वर बघितलं. "पोलिसांच्या पण?" म्हटलं हो, तुमच्याच सगळ्यात जास्त.

म्हणजे ट्रेनिंग चालतं, मला त्यात शंका नाही आणि जे लोक म्हणतात की हे सगळं नाटक आहे त्यांच्याशी मी भांडेन. सँड्रा ब्लँडचा व्हिडिओ बघा, टेक्सास, जुलै २०१५. २८ वर्षांची काळी बाई, लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही म्हणून गाडी थांबवली. पोलिसानं विचारलं, तुम्ही चिडलेल्या दिसता, तिनं खरं कारण सांगितलं. विषय तिथंच संपत होता, पावती फाडायची आणि जायचं. पण त्यानं सिगारेट विझवायला सांगितली, ती म्हणाली मी माझ्या गाडीत बसलेय, का विझवू, आणि झालं, त्याचा अहंकार दुखावला. गाडीतून खाली उतर, मग टेझर (विजेचा झटका देणारं हत्यार) काढून धमकी, मग अटक. तीन दिवसांनी ती जेलच्या कोठडीत मेलेली सापडली, आत्महत्या अशी नोंद झाली. आता त्या माणसाला ती सिगारेट सोडून देता आली असती तर? आमच्या वॉर्डमध्ये रोज अशा दहा सिगारेटी आम्ही सोडून देतो (खरी सिगारेट नाही, समजून घ्या). पुढे २०१७ मध्ये टेक्सासनं तिच्या नावानं कायदा केला आणि पोलिसांना हे ट्रेनिंग सक्तीचं केलं.

पण गोष्ट इथं संपत नाही, आणि मी जी वाचतेय ती मला झोपू देत नाही. त्याच लुईव्हिलमध्ये, ट्रेनिंग पूर्ण होऊन काहीच महिने झाले होते, १३ मार्च २०२० ला मध्यरात्रीनंतर पोलीस वॉरंट घेऊन ब्रिओना टेलरच्या घराचं दार तोडून आत घुसले. ती २६ वर्षांची, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत टेक्निशियन, म्हणजे आमच्याच लाइनची पोरगी. तिच्या मित्राला वाटलं चोर घुसले, त्यानं एक गोळी झाडली, पोलिसांनी ३२ झाडल्या, ती गेली. आता सांगा, ह्यात बोलून शांत करायची जागा कुठं होती? कोण चिडलं होतं? अंथरुणातून उठवलेल्या माणसाला डी-एस्कलेट कसं करणार? तो निर्णय आधीच कुणीतरी खुर्चीत बसून घेतला होता, की रात्री जायचं आणि दार फोडायचं. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं लुईव्हिल पोलिसांवर मोठा रिपोर्ट काढला, त्यात जास्तीचं बळ वापरतात आणि काळ्या लोकांशी भेदभाव करतात असं स्पष्ट लिहिलं.

अमेरिकेतल्याच मेंफिस शहराचं पण तसंच. मानसिक रुग्णांशी कसं वागायचं ह्याचं ४० तासांचं पोलीस ट्रेनिंग तिथंच १९८८ मध्ये सुरू झालं, जगभर त्याची नक्कल झाली, आणि २०२३ च्या जानेवारीत त्याच मेंफिसमध्ये टायरी निकोल्सला पाच पोलिसांनी मारून टाकलं, पाचही काळे. त्यांच्या खास पथकाचं कामच होतं की ठरावीक वस्त्यांमध्ये जाऊन गाड्या अडवा, लोकांना धरा.

२०२० मध्ये मिनियापोलिसच्या पोलिसानं मानेवर गुडघा दाबून मारलं त्या जॉर्ज फ्लॉइडच्या वेळी तर, भावजींना हे मी मुद्दाम सांगितलं, एका नवख्या पोलिसानं दोनदा विचारलं होतं की ह्याला कुशीवर वळवायचं का. बरोबर विचारलं होतं! पालथं दाबून ठेवलं की श्वास जातो, आम्हाला पहिल्या वर्षी हेच घोकून घेतात. सीनियरनं नाही म्हटलं आणि विषय बंद. भावजी बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, "साहेबापुढं जमादार बोलतो का कधी." सासूबाईंनी ताक वाढलं.

मला मात्र ह्या सगळ्यात जास्त बोचते ती आपल्या जवळची केस. नडियादजवळ पिज आहे ना, जुन्या लोकांना टीव्हीमुळे माहीत असेल, १९७५ मध्ये इस्रोनं जिथून खेडा जिल्ह्यासाठी टीव्ही सुरू केला ते गाव. तिथले सुरेशभाई पटेल, वय ५७, अलाबामातल्या मॅडिसनला मुलाकडे गेले होते, छोट्या नातवाला सांभाळायला. फेब्रुवारी २०१५ मध्ये सकाळी फेरफटका मारायला बाहेर पडले. कुणा शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला की एक बारीक काळा माणूस फिरतोय, ह्याला आधी कधी बघितला नाही, गॅरेजांकडे बघतोय. पोलीस आले. सुरेशभाईंना इंग्लिश येत नव्हतं, ते तेवढंच म्हणत राहिले, नो इंग्लिश, इंडिया, आणि मुलाच्या घराकडे हात दाखवला. पोलिसानं हात मागे धरून पायात पाय घालून पाडलं, तोंडावर. मानेला मार, ऑपरेशन, अंग अर्धवट लुळं. गव्हर्नरनं भारताची माफी मागितली, त्या पोलिसावर खटला चालला, दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी जजनं त्याला सोडून दिलं.

ट्रेनिंग असतं तर ते पडले नसते हे मी खात्रीनं सांगते. लांब उभं राहायचं, दोन मिनिटं थांबायचं, फोनवर दुभाषा घ्यायचा, झालं. पण त्या फोनचं काय? तो माणूस रस्त्यावरून चालत होता, बस. पोलीस येईपर्यंत तो संशयित ठरून मोकळा झालेला होता. आणि आपल्याकडे त्या वेळी लोक काय बोलले माहितीये? आमच्या ओळखीतल्या किती जणांनी म्हटलं, "बिचारे, ते तर काळे पण नव्हते, तरी मारलं." तरी! म्हणजे काळे असते तर चाललं असतं? ह्या 'तरी'वर कुणी अडकलंच नाही.

आता बडोद्याकडे या. वाघोडिया रोडकडे, आमच्या भागात पण, कॉलेजांमुळे आफ्रिकेतली पोरंपोरी पुष्कळ झालीत. खोली मिळता मिळत नाही त्यांना, आणि मिळाली की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज सुरू. हे शहर जुनं आहे ह्यात, १९१७ मध्ये बाबासाहेबांना इथंच, सयाजीरावांच्या नोकरीत असून, राहायला जागा दिली नाही कुणी, पारशी धर्मशाळेतून काढलं आणि ते कमाटीबागेत झाडाखाली बसून रडले. आता तिथं त्याची आठवण म्हणून संकल्पभूमी आहे, दर सप्टेंबरला गर्दी असते, पण भाड्याच्या खोलीचा प्रश्न आला की "फॅमिलीवाल्यांनाच देतो" हे उत्तर अजून तसंच चालू आहे.

भावजी म्हणतात त्यांच्या ठाण्यावर अशा फोनला गाडी पाठवावीच लागते, नाही पाठवली तर उद्या पेपरात. आणि गाडी गेली की ओळखपत्र मागणं आलं, पासपोर्ट आला, चार लोक जमले, एखादा पोरगा चिडला, आवाज वाढला, मग काय. त्यांनी स्वतः एकदा असा प्रकार दोन वाक्यांत मिटवला, त्या पोराला बाजूला घेतलं आणि जमलेल्या काकालोकांनाच आधी घरी पाठवलं. मी म्हटलं अहो भावजी, हेच ते डी-एस्कलेशन. म्हणाले, "मग मला सर्टिफिकेट द्या." बरं, आपल्याकडे निदान मानसिक रुग्णांसाठी २०१७ चा कायदा आहे, पोलिसांनी अशा माणसाला लॉकअपमध्ये टाकायचं नाही, २४ तासांत हॉस्पिटलमध्ये आणायचं. आमच्याकडे काही पोलीस इतक्या हळुवारपणे घेऊन येतात आणि काही असे आणतात की पेशंटपेक्षा त्यांनाच गोळी द्यावीशी वाटते. फरक कशाचा, तर बहुतेकदा घरच्यांनी फोनवर काय सांगितलं त्याचा. "आजारी आहे" म्हटलं तर एक, "गांडो थई गयो छे, मारे छे" (वेडा झालाय, मारतोय) म्हटलं तर दुसरंच.

म्हणून पोलिसांना तास वाढवा, ८ चे ४० करा, ८० करा, मी स्वतः जाऊन शिकवीन, पण तेवढ्यानं लोकांचा विश्वास परत येईल असं कुणी सांगू नये. ट्रेनिंग त्या समोरासमोरच्या दोन-चार मिनिटांचं आहे. गाडी कुठल्या वस्तीत किती वेळा पाठवायची, रात्री दार फोडायचं की सकाळी बेल वाजवायची, सीनियरला ज्युनिअरनं टोकलं तर त्याचं काय होतं, हे त्या वर्गात ठरतच नाही.

परवा आमच्या ग्रुपवर परत आलं, "सी विंगच्या खाली दोन निग्रो उभे आहेत, कुणीतरी १०० ला फोन करा." मी विचारलं काय करतायत. उत्तर आलं, काही नाही, उभे आहेत. मी लिहिलं डिलिव्हरीची वाट बघत असतील, आणि तो शब्द वापरू नका. तीन जणांनी अंगठा दिला, एकानं ग्रुप सोडला. येत्या रविवारी कमिटीची मीटिंग आहे, पार्किंग आणि पाण्याच्या टाकीचा विषय आहे, त्यात मी हा पण लिहून दिलाय. सेक्रेटरी म्हणाले वेळ उरला तर घेऊ.