भुईगावच्या वाटेवरचं बावखल

वसईचा किल्ला पाहून झाला. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून घेतला. तट अजून दणकट आहेत, दुपारी ऊन फार लागतं आणि फोटो काढणाऱ्या जोडप्यांची गर्दी असते. किल्ल्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते भुईगावच्या वाटेवरच्या एका बावखलाबद्दल, म्हणजे वाड्यांच्या पाण्यासाठीच्या लहान तळ्याबद्दल. तिथून आल्यापासून ते डोक्यातून जात नाही.

वसई रोडला पश्चिमेकडे उतरलं की पहिला टप्पा नकोसा वाटतो. टॉवर, मोबाईलची दुकानं, हॉर्न आणि रस्ता अडवून उभ्या रिक्षा. पापडी मागे पडली, रिक्षा गिरीजच्या दिशेला लागली आणि रस्ता एकदम अरुंद झाला. दोन्ही बाजूंना वाड्या सुरू झाल्या. केळी, नारळ, पानवेली, फुलझाडं, अळूचे वाफे. अर्ध्या तासापूर्वी अंगाची लाही होत होती, इथे सावली आणि ओल्या मातीचा वास. मी रिक्षा सोडून दिली आणि चालत निघाले.

दोन वाड्यांच्या मधोमध ते बावखल होतं. आमच्या घरच्या हॉलच्या चौपट असेल. काठावर भेंडाची झाडं, पाण्यावर शेवाळाची हिरवी साय, आणि एका कडेला मोडके दगडी चौथरे. त्या चौथऱ्यांवर पूर्वी रहाट होता. आणि पलीकडच्या कोपऱ्यात राडारोडा. फुटक्या टाइल्स, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, एक अख्खं वॉश बेसिन. ढीग पाण्यात उतरत गेला होता आणि त्याच्यावरून ट्रकच्या चाकोऱ्या ताज्या दिसत होत्या.

शेजारच्या वाडीतले काका केळीची वाळकी पानं कापत होते. साठी कधीच ओलांडलेली. फोनवर घरच्यांशी सामवेदी बोलीत बोलत होते, माझ्याशी बोलताना शाळेतल्या गुरुजींसारखी शुद्ध मराठी. मी विचारलं, हे कोणी टाकलं? त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. आधी मला बावखल समजावून सांगितलं.

"समुद्र इथून हाकेवर आहे, ताई. जमीन रेताड. खाली खारं पाणी आहेच. पावसाचं गोडं पाणी त्याच्यावर तरंगून राहतं. बावखल भरलं की ते हळूहळू मुरतं, म्हणून आमच्या विहिरी मेपर्यंत गोड राहतात. उपसा जास्त झाला की खालचं खारं वर येतं. मग केळ करपते."

हे बावखल सहा घरांचं होतं. प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली. रहाटाला जनावर जुंपायचं, पाणी पाटाने वाडीत न्यायचं, आणि उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून गाळ काढायचा. तो गाळ खत म्हणून वाडीतच जायचा. मग इंजिनं आली, विजेचे पंप आले, ज्याने त्याने आपापली बोअर मारली. पाळी संपली तसा गाळ काढणंही संपलं. आता त्या सहा घरांचे वारसदार किती झालेत ते काकांनाही बोटांवर मोजता येईना. त्यातले काही ऑस्ट्रेलियात, काही बोरिवलीत. एकाने आपला हिस्सा विकला. राडारोडा त्याच कोपऱ्यात पडलाय.

ही माणसं मुंबईपासून कधीच तुटलेली नव्हती. विरारहून मुंबईला गाडी १८६७ सालापासून धावते आहे, आणि इथली फुलं, भाजी, केळी पिढ्यान्‌पिढ्या त्याच रुळांवरून दादरला गेली. रेल्वेने शेती मारली नाही, उलट जगवली. जमिनीचा भाव पिकाच्या भावाला कायमचा मागे टाकून गेला तो १९८८ नंतर, सरकारने इथली हिरवी जमीन बांधकामाला मोकळी केली तेव्हा. १९९० मध्ये सिडको नियोजनाला आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली ती याच काळात. नव्या इमारतींना पाणी नव्हतं, म्हणून वाड्यांतल्या विहिरींवर टँकर लागायचे. काका म्हणाले, "रात्रभर पंप चालायचे. सकाळी पाणी तोंडात घेतलं की मचूळ." त्यांचे वडील मोर्च्यांना जायचे, हे सांगताना त्यांच्या हातातला कोयता थांबला होता.

पुढे २००९ साली चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं एकत्र करून महानगरपालिका झाली. गावं वगळा म्हणून लोक त्यावरही रस्त्यावर उतरले.

जुलै २०१८ मधला पाऊस आठवतोय? वसई-विरारमध्ये रूळ पाण्याखाली, लोकल बंद, मिठागरातली वस्ती वेढली गेलेली. टीव्हीवर सगळे पावसाला दोष देत होते. मीही घरात बसून तेच बोलत होते. या काठावर उभं राहिल्यावर साधा हिशेब दिसतो. पाणथळी, खाचरं आणि बावखलं पावसाळ्यात पाणी पोटात घेत होती. ती भरून त्यावर मजले चढवले, तर पाणी तळमजल्यावरच येणार. आणि तळमजल्यावर राहतो कोण? कर्ज काढून घर घेतलेला नोकरदार. त्याला तर आपल्या पायाखाली काय होतं हे कोणी सांगितलेलंच नाही.

काकूंनी आग्रहाने चहा दिला, वर राजेळी केळ्यांची सुकेळी. उन्हात वाळवलेली, मधासारखी चिकट, वासाला गुळाच्या जवळची. पैसे विचारले तर रागावल्या. इतकं अगत्य अनोळखी माणसाला शहरात मिळत नाही, आणि हे घर कागदोपत्री शहरातच आहे.

मी काकांना पुन्हा तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "तक्रार दिलीय. खाजगी मालकीचं आहे म्हणतात." याचा मला संताप येतो. हिस्सा खाजगी असेल, पण मुरणारं पाणी सातबारा बघून मुरत नाही. काही गावांत तरुण मुलं सुट्टीच्या दिवशी उतरून बावखलं साफ करतात, त्यांचं करावं तेवढं कौतुक थोडं आहे. तरी ट्रकसमोर फावडी किती पुरणार? विकास आराखड्यात प्रत्येक बावखल नकाशावर आलं पाहिजे, मालक कोणीही असो, आणि त्यात भराव टाकणाऱ्याकडूनच तो उपसून घेतला पाहिजे. सुरुवात या कोपऱ्यापासून करा. वॉश बेसिन अजून वरच आहे, काढायला सोपं जाईल.