मनगट गप्प ठेवायचं

कॉलेजात मी लेगस्पिन टाकायचो. चेंडू मनगटातून असा सुटायचा की हवेत त्याचा भर्र आवाज यायचा. त्याच मनगटाला गेली दोन वर्षं मी गप्प राहायला शिकवतोय, कारण मला बेसबॉलमधला नकलबॉल टाकायचाय.

२००४ साली बॉस्टनला आलो, तेव्हा तिथल्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाकडे टिम वेकफील्ड होता. बाकीचे ताशी नव्वद मैलांनी फेकायचे, हा पासष्ट-सत्तरने, आणि तरी समोरच्याची बॅट नुसती हवेत फिरायची. मूळचा तो बॅटिंगसाठी निवडलेला खेळाडू. बॅट चालेना, तेव्हा नकलबॉल या एका चेंडूने त्याला तारलं आणि पुढे २०० सामने जिंकून दिले. ऑक्टोबर २०२३मध्ये तो गेला, अवघ्या ५७व्या वर्षी. त्याच आठवड्यात मी चेंडू विकत आणला.

क्रिकेटमध्येही नकलबॉल हे नाव आहे. आपल्या श्रीरामपूरच्या झहीरने २०११च्या विश्वचषकात डेव्हन स्मिथचा त्रिफळा त्यावरच उडवला. पण तिथे टप्पा मदतीला असतो. इथे जे व्हायचं ते हवेतच.

तर्जनी आणि मधल्या बोटाची नखं शिवणीमागे चामड्यात रोवायची, अंगठा आणि अनामिकेने बाजूंनी धरायचं, मनगट ताठ ठेवायचं आणि चेंडू पुढे ढकलल्यासारखा सोडायचा. टाकणाऱ्यापासून बॅटरपर्यंतच्या साडेसाठ फुटांत त्याने जेमतेम एक-दीड गिरकी घ्यावी. तेवढ्यात शिवण कधी या अंगाला येते, कधी त्या, हवेचा जोर दोन्हीकडे सारखा राहत नाही आणि चेंडू वाट सोडतो. कुठे जाईल, हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. मला वेड लागलंय ते त्याचंच. लेगस्पिनमध्ये सगळं माझ्या हातात असायचं.

नखं मी रोज रात्री घासून सरळ करतो. गारठ्यात ती चिरतात, मग आठवडा वाया.

झेलायला लेक असते, वय वर्षं बारा. वेकफील्डचा कॅचर डग मिराबेली नेहमीपेक्षा मोठा मिट, म्हणजे झेलायचा हातमोजा, वापरायचा, म्हणून तिलाही सॉफ्टबॉलचा घेतलाय. चेंडूवर लाल मार्करने ठिपका काढलाय. "बाबा, चारदा फिरला." "बाबा, तीनदा." महिनोन्‌महिने हेच.

मागच्या रविवारी बोटं सुटली तेव्हा हाताला काहीच जाणवलं नाही. ठिपका जागच्या जागी दिसत राहिला, तिच्याजवळ येता येता चेंडू अचानक डावीकडे घसरला आणि मिटखालून तिच्या गुडघ्यावर बसला. मी धावत गेलो. ती गुडघा चोळत ओरडत होती, "फिरलाच नाही, बाबा! फिरलाच नाही!"