चाकूला शिटी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे टकटक सुरू होते. शेजारच्या काकूंना वाटतं, यांच्याकडे सुतार आलाय. सुतार कुठला, मीच असतो. हातात माझा घडीचा चाकू, फ्रान्सचा ओपिनेल, ८ नंबरचा. पुण्याची हवा दमट झाली की त्याची बीच लाकडाची मूठ फुगते, पातं ज्या खाचेत झोपतं ती खाच आवळते, आणि नखाने ओढायला गेलं तर नख निघेल पण पातं निघत नाही. मग बंद चाकू मुठीत उभा धरायचा आणि खालचं तिरपं टोक ओट्याच्या कडेवर टक्कन आपटायचं. पात्याची अणी त्याच टोकाशी असते. ती तांदळाच्या दाण्याएवढी वर उसळते. तेवढी चिमटीत पकडायची आणि हळूच उघडायचं. चाकूचा जन्म जिथला त्या साव्वा प्रांतातले लोकही हेच करतात आणि त्याला चक्क साव्वावाल्यांचा टोला म्हणतात. आमच्या घरात याला ‘झाली का सुरू ठोकाठोकी’ म्हणतात.

हा चाकू मला मामाने दिला, १९८८ साली. मामा तेव्हा भोसरीला एका कारखान्यात होता आणि कुठल्याशा मशीनच्या ट्रेनिंगसाठी कंपनीने त्याला तीन महिने फ्रान्समधल्या ग्रेनोबलला धाडलं होतं. येताना त्याने मावशांसाठी अत्तरं आणली, लहान मुलांसाठी चॉकलेटं आणली. माझ्या हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं आणि लगेच दुसरा हात पुढे केला. “चार आणे काढ.”

“कशाला?”

“चाकू फुकट घेतला तर नातं तुटतं म्हणतात तिकडे. मला तुझ्या आईच्या हातचं थालीपीठ खायचंय अजून.”

मामा पक्का नास्तिक. पण ते चार आणे त्याने मोजून घेतल्यासारखे घेतले आणि पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवले. पुढे ३० जून २०११ ला चार आण्याचं नाणं चलनातूनच गेलं. म्हणजे तो सौदा आता कुणाला मोडताही येणार नाही.

चाकूत बघण्यासारखं फार काही नाही, हेच त्याच्यात बघण्यासारखं. एक पातं, एक मूठ, एक आरपार खिळा, आणि मुठीच्या गळ्याशी दोन कड्या, एक पक्की आणि एक फिरती. पाच वस्तू. पातं साडेआठ सेंटीमीटर. त्यावर मुकुट आणि त्याखाली तीन बोटं वर केलेला हात. मला कित्येक वर्षं तो ट्रॅफिक हवालदार वाटायचा. नंतर कळलं, फ्रान्सच्या नवव्या शार्लने १५६५ साली हुकूम काढला होता की प्रत्येक चाकूवाल्याने आपल्या मालावर स्वतःची खूण उमटवावी. ती परंपरा धरून जोसेफ ओपिनेलने १९०९ साली आपल्या भागातल्या सँ-जाँ-द-मोरिएन गावाच्या चिन्हातला हात उचलला. तो बाप्तिस्मा देणाऱ्या संत जॉनचा आशीर्वादाचा हात आहे. आशीर्वाद आणि ‘थांबा’ यांत बोटांचा फारसा फरक नसतो, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

तर या चाकूला छत्तीस-सदतीस वर्षं झाल्यावर माझा भाचा एका संध्याकाळी बाणेरहून आला आणि टेबलावर दोन खोके ठेवले. “मामा, तुझा तो ठोकायचा चाकू म्युझियमला देऊन टाक आता.”

मी म्हटलं, ते काम झालंय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमने १९८५ सालीच याला उत्तम रचनेच्या शंभर वस्तूंत बसवलाय. तो म्हणाला, मग तर दे. या पिढीशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पहिल्या खोक्यात तोच ८ नंबर, तीच लाकडी मूठ, पण पात्यावर ‘कार्बोन’च्या जागी ‘इनॉक्स’. म्हणजे गंजणाऱ्या कार्बन पोलादाऐवजी स्टेनलेस. दुसऱ्या खोक्यातला चाकू मात्र मी दोनदा उलटापालटा करून बघितला. मूठ काचेचे तंतू घातलेल्या प्लॅस्टिकची, पातं निम्मं साधं आणि निम्मं करवतीसारखं दातेरी, पात्याच्या मधोमध एक भोक. ते भोक शिडाच्या बोटीवरच्या कड्या सैल करायला. खडकवासल्याला एनडीएची पोरं शिडाच्या बोटी हाकतात, ते सोडलं तर पुणे जिल्ह्यात या भोकाचं भवितव्य काय, मला सांगता येणार नाही. आणि मुठीच्या बुडाशी शिटी. खरीखुरी, तोंडाने वाजवायची. ११० डेसिबल, असं भाच्याने अभिमानाने सांगितलं आणि गॅलरीत जाऊन वाजवूनही दाखवली. खालून वॉचमन गेट उघडायला धावला. आतून बायकोने विचारलं, “कितवी?” तिने वरणाचा कुकर लावला होता.

मी हसलो, पण रात्री तीन चाकू ओळीने मांडून बसलो. कारण माझं तोंडावर आलेलं उत्तर होतं, ‘जुना तो जुना’, आणि ते उत्तर मला जरा फार पटकन सुचलं होतं. पुण्यात राहून हे होतं. आपल्याला जुना लकडी पूल हवा असतो, जुनी मिसळ हवी असते, आणि त्यातलं नेमकं किती जुनं हवंय असं कुणी विचारलं की आपण विषय बदलतो.

कोणतं जुनं? ओपिनेलचं जुनं म्हणजे १८९०. तेव्हा जोसेफ अठरा वर्षांचा होता, बाप कुऱ्हाडी-कोयते घडवायचा आणि हा पोरगा खिशातले चाकू करू लागला. त्या चाकूला फिरती कडी नव्हती. पातं उघडलं की लाकडाच्या पकडीवर जेवढं टिकेल तेवढं टिकायचं. जोर चुकीच्या बाजूने लागला की मिटायचं, आणि मिटताना वाटेत बोटं असायची. फिरती कडी आली १९५५ साली. पातं उघडून ती कडी अंगठ्याने जराशी फिरवली की खाचेचं तोंड बंद होतं आणि पाठीमागे मिटायला वाटच उरत नाही. एवढंच. स्प्रिंग नाही, बटण नाही, रामपुरीसारखा खटका नाही. म्हणजे ज्याला मी ‘मूळ’ म्हणून कवटाळून बसलोय तो मुळात सुधारलेला चाकू. १९५५ साली साव्वातला एखादा मेंढपाळ ती कडी बघून म्हणाला असणारच, हे काय बांगडी घालून आणलंय!

आणि ती बांगडी नसती तर सिंहगडावर कांदे चिरताना माझं एखादं बोट १९९० च्याच आसपास कमी झालं असतं. वारं इतकं असतं तिथे की फळीवरून कांदा पळतो.

२००० च्या सुमारास त्याच कडीत आणखी एक बदल झाला. आता ती पातं मिटलेलं असतानाही फिरवता येते, म्हणजे खिशात चाकू आपोआप उघडत नाही. माझ्याकडचा त्याआधीचा. पावसाळ्यात त्याला ही सोय लागत नाही, तो ठोकल्याशिवाय उघडतच नाही. पण एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की तीच मूठ वाळून आक्रसते आणि पातं सैल होतं. मग मी त्याला रबर बँड लावतो. रबर बँड होळीला चढतो आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर उतरतो. इतकी वर्षं याला मी ‘चाकूचा स्वभाव’ म्हणत आलो. नव्यातली कडी बंद अवस्थेत टक्कन फिरवून बघितली आणि मान्य केलं, हे आपल्याकडे असायला हवं होतं. स्वभावाचं कौतुक आपण औषध नसतं तोवरच करतो.

इनॉक्सचा निकाल इतका सोपा नव्हता. ती भानगड आमच्या घरात आधी एकदा होऊन गेली होती, विळीच्या निमित्ताने. (घडीचा चाकू म्हणून आपण परदेशाकडे बघतो, पण पातं आडवं पडून पाटावर झोपणारी घडीची विळी काय वेगळी असते?) आईची विळी लोखंडी. वांगी चिरली की काळी, कैरी चिरली की काळी, आणि कैरीच्या फोडीच्या कडेलाही शाईची रेघ. चिरून झालं की तत्क्षणी धुवायची, पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं. गंज दिसला तर चिंचेच्या कोळाने घासायची. आम्ही पोरांनी तिला हौसेने स्टीलची विळी आणली. आईने आठ दिवस वापरली आणि म्हणाली, “दिसायला छान आहे. हिने चिरत नाही, हिने दाबतं.”

गंमत म्हणजे इंग्लंडमधल्या शेफील्डचे चाकूवालेही हेच म्हणाले होते. १९१३ साली तिथे हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलाद शोधत होता. क्रोमियम घातलेलं एक पोलाद गंजत नाही असं त्याच्या लक्षात आलं आणि सुऱ्यांना हे किती छान, असं त्याला वाटलं. गावातल्या कारागिरांनी त्याची टर उडवली, न कापणाऱ्या सुरीचा शोध लावणारा म्हणून. तेव्हाचं स्टेनलेस घडवायला, पाणी द्यायला अवघड होतं, त्यामुळे तक्रार अगदीच खोटी नव्हती. आता तसं राहिलेलं नाही. ओपिनेलच्या इनॉक्समध्ये क्रोमियम भरपूर आहे आणि तरी ते धार धरतं.

तरी खात्री करायला मी दोन्ही पाती आमच्या गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे नेली. सायकल स्टँडवर चढवून, पेडल मारत, पुढचा दगड फिरवणारा. त्याने आधी जुनं पातं टेकवलं. पिवळ्या ठिणग्या, लांब, आणि प्रत्येकीच्या टोकाला फुलबाजीसारखी फांदी फुटलेली. मग इनॉक्स. मोजक्या, आखूड, तांबूस ठिणग्या, फांदी जवळपास नाहीच. त्याने मान वर न करता सांगितलं, “काका, हे लोखंड. लगेच धरतं, लगेच सोडतं. हे स्टील. जरा उशिरा धरतं, पण मग तुम्ही विसरलात तरी चालतंय.”

‘तुम्ही विसरलात तरी चालतंय.’ इनॉक्सची एवढी अचूक जाहिरात मी वाचलेली नाही. कार्बनच्या पात्याला विसरून चालत नाही. लिंबू चिरून तसंच ओट्यावर ठेवलं तर तासाभरात करडे डाग, रात्रभर ठेवलं तर नारिंगी. माझ्या पात्यावर आता निळसर-काळा थर चढलाय, टोकाकडे जांभळट. त्यातला एक अर्धगोल डाग २००६ च्या मे महिन्यातल्या हापूसचा आहे. पाहुणे आले, गप्पा रंगल्या आणि चाकू तसाच राहिला. त्या थरामुळे पातं पुढे कमी गंजतं हेही खरं. पण आंब्याच्या पहिल्या दोन फोडींना लोखंडाची चव लागते हेही तितकंच खरं, आणि ती मला आवडते असं मी लोकांना सांगतो. आवडत नाही. सवय झाली आहे.

तेव्हा माझा हिशोब असा झाला. कडी, १९५५ ची आणि २००० ची, दोन्ही निर्विवाद सुधारणा. कुणाच्या तरी बोटांची किंवा मांडीची काळजी तिच्यामागे आहे. इनॉक्स ही पेठेतल्या स्वयंपाकघरासाठी सुधारणा आणि माझ्यासाठी थोडीशी बेकारी, कारण पुसणं, तेल लावणं, दर दोन आठवड्यांनी दगडावर चार हात मारणं हे माझं काम गेलं. शिटी ही मात्र चाकूत झालेली सुधारणा नाही, ती चाकूला झालेली भर आहे. धुक्यात राजगडावर वाट चुकलो तर मी तिचे पाय धरीन, पण तेव्हाही ती गळ्यात दोरीने बांधलेली असावी. ज्या वस्तूने आत्ताच मिरची चिरली ती ओठांना लावायची कल्पना मला मानवत नाही.

आणि एक चिंता उगाचच. १८९७ साली या चाकूचे १ ते १२ असे आकार निघाले. पुढे कधीतरी १ आणि ११ बंद केले. १ नंबर फारच चिमुकला होता, ते समजतं. पण ११? ज्याच्या हाताला १० लहान पडायचा आणि १२ मोठा, अशा एखाद्या माणसाने म्हातारपणी दुकानात जाऊन काय मागितलं असेल? दुकानदाराने त्याला नक्कीच सांगितलं असणार, आजोबा, १२ घ्या, सुधारित आहे.

महिनाभरात चाकूंनी आपापल्या जागा धरल्या. इनॉक्स ओट्याजवळच्या बरणीत गेला, बायकोने न विचारता नेला. पेरू, लिंबू, दुधाची पिशवी सगळं त्यावर. शिटीवाला गाडीच्या कप्प्यात. जुना माझ्या टेबलाच्या खणात, पाकिटं फोडायला, पेन्सिलला टोक करायला, आणि ठोकायला.

मामा आता सहकारनगरला असतो, ऐंशी ओलांडलीय, ऐकायला जरा मोठ्याने लागतं. त्याला फोनवर सगळं सांगितलं, कडी, इनॉक्स, शिटी. शिटी तीनदा सांगावी लागली. सगळं ऐकून घेऊन त्याने एकच विचारलं, “पैसे दिलेस का त्याला?”

“दिले ना. त्याच रात्री. एक रुपया, फोनवरून.”

पलीकडे बराच वेळ शांतता.

“फोनवरून चालतं का ते?”

मला सांगता येईना. रविवारी भाचा जेवायला आला तेव्हा मी त्याच्या तळहातावर रुपयाची दोन नाणी ठेवली. त्याने ती उलटसुलट करून बघितली.

“दोन कशाला? शिटीचे वेगळे लावलेस?”