ध्रुवाजवळून गेलेला दोरा

आज लेक सिंगापूरहून न्यूयॉर्कला निघाली. सलग 18 तासांचा प्रवास, मध्ये कुठे उतरणं नाही. सरळ अंतर सुमारे 15,300 किलोमीटर! सासूबाईंना दाखवायला धाकट्याचा पृथ्वीगोल काढला, त्यावर शिवणाचा दोरा ताणला. तो थेट उत्तर ध्रुवाजवळून गेला. "अगं बाई, तिकडं गारठा किती असंल!" त्या म्हणाल्या. पण विमान बहुतेकदा पॅसिफिकवरून जातं. लांब पडतं खरं, पण उंचावरचे जोरदार वारे मागून रेटा देतात.

साताऱ्याहून मुंबई अडीचशे किलोमीटर, तरी तिला स्टँडवर सोडताना पोटात तुटायचं. आत्ता फोनवर ते इवलंसं विमान जपानच्या पूर्वेला, सगळीकडं नुसतं निळं पाणी. सासूबाईंनी देवापुढं निरांजन लावलंय.