खोचलेला पदर

आमच्या मोठ्या काकूच्या पदराला दोनच जागा ठरलेल्या होत्या. घरात कुणी मोठं माणूस आलं की डोक्यावर, आणि हसू आलं की तोंडात. हसू फारच अनावर झालं तर ती पदराचा बोळा करून चक्क दातांत धरायची आणि मग नुसते खांदे हलायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई रडायली. एकदा माझ्या चुलत्याला खरंच तसं वाटलं. ‘काय झालं गं, माहेरून काही सांगावा आला का?’ म्हणत तो घाबराघुबरा होऊन चौकातून आत आला. त्याचं ते तोंड बघून काकूचे खांदे आणखीच हलायला लागले. तो बिचारा पाणी आणायला पळाला.

काकू एकटीच अशी नव्हती. परळीतल्या आमच्या वाड्यात आणि शेजारपाजारी मिळून दहा-बारा बायका असतील, सगळ्यांचं हसणं पदराआडचं. ‘हसणाऱ्या बाईवर अन् रडणाऱ्या बाप्यावर इश्वास ठेवू नये’ हे आजीचं ठरलेलं वाक्य. ते म्हणून झालं की दुसरं यायचं, ‘दात काय काढायलीस, जत्रा हाय का?’

तर गोष्ट जत्रेचीच.

परळीला शिवरात्रीची जत्रा मोठी. वैजनाथाच्या पिंडीला स्वतःच्या हातानं शिवता येतं, म्हणून लांबलांबची माणसं येतात. दर्शनाच्या रांगेत अर्धा दिवस जातो. पोरांना त्या रांगेचं काही नसायचं. आमचा जीव गुडीशेवेत, रेवड्यांत आणि तंबूतल्या सिनेमात. ट्रकमधून मशीन, पडदा, जनरेटर असं सगळं बिऱ्हाड उतरायचं आणि संध्याकाळपर्यंत मोकळ्या रानात टॉकीज उभी राहायची. आत खाली बसायचं, घरून आणलेलं पोतं नाहीतर चवाळं अंथरून. मधोमध कनात. एकीकडं बाया, एकीकडं बाप्ये. तिसरीपर्यंतची पोरं बायांच्या बाजूला चालायची. मी तिसरीत होतो, म्हणजे माझं तिकडचं ते शेवटचं वर्ष.

त्या वर्षी तंबूत ‘बिनकामाचा नवरा’ होता. सिनेमा १९८४ चा, पण आमच्या तंबूपर्यंत पोचायला त्याला दोन वर्षं लागली होती. तोवर प्रिंटवर इतक्या रेघा पडल्या होत्या की पडद्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाऊस. आमच्याकडं त्या साली पाऊस पडला तो तेवढाच.

नवरा होता अशोक सराफ, सिनेमाच्या नावाला जागणारा. घर ओढणारी होती रंजना. गोष्ट मला तेव्हा फारशी कळली नाही. लक्षात राहिलं ते एवढंच, की ती भांडायला उभी राहिली की बोलायच्या आधी पदर ओढून कमरेला खोचायची. आणि तो खोचला रे खोचला की कनातीच्या अलीकडं अंधारात काहीतरी सळसळायचं. बाया सावरून बसायच्या. कुणीतरी म्हणायचं, ‘आता बग.’ मग ती तोंड उघडायची आणि आमच्या बाजूला जे हसू फुटायचं, तसं मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. काकू हसत होती, शेजारच्या मामी हसत होत्या, आणि एरवी ज्यांचा आवाज कुणाच्या कानावर पडत नव्हता अशा कुठल्या कुठल्या खेड्यांतल्या अनोळखी बाया मांडीवर थापा मारत, ठसके लागेस्तोवर हसत होत्या. अंधारात कुणाचं तोंड कोणतं ते कळायला मार्ग नाही. मी वर बघितलं तर काकूचा पदर खांद्यावर तसाच पडलेला. तोंडापर्यंत न्यायचं तिला सुचलंच नव्हतं.

कनातीपलीकडून एका बाप्यानं ओरडून विचारलं, ‘काय गं, काय झालं एवढं?’ त्यावर आणखी हसू.

मधे रीळ बदलायला दिवे लागले आणि दहा सेकंदांत सगळे पदर आपापल्या जागी गेले.

मराठीनं पदराला किती कामं लावलीत! तो पसरायचा, तो ढळू द्यायचा नाही. काही चुकीचं पदरी पडलं तर ते पवित्र मानून घ्यायचं. खर्च अंगावर आला की पदराला खार लागतो, आणि मुलगी मोठी झाली की तिला पदर येतो. यातलं एकही काम पदर बाईच्या सोयीसाठी करत नाही. सोयीचा पदर एकच, कमरेला खोचलेला. धुणं, भांडी, निंदणी, खुरपणी, भांडण, सगळं त्यातच होतं. आणि एक साधी गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. पदर कमरेला गेला की तोंड झाकायला हाताशी काही उरतच नाही. बाईला मग जे बोलायचं ते उघड्या तोंडानं बोलावं लागतं, आणि हसायचं तेही.

रंजनाच्या विनोदात तोंड वेडंवाकडं करणं नव्हतं. समोरच्याचं वाक्य पुरतं संपायच्या आत तिचं उत्तर निघालेलं असायचं, आणि ते दिल्यावर ती क्षणभर थांबायची, समोरच्याला लागलं की नाही ते बघायला. ते थांबणं जास्त हसवायचं. अशोक सराफांसारख्या माणसासमोर उभं राहून हशा आपल्याकडं ओढून घ्यायचा, ही काही साधी गोष्ट नाही. तोवर सिनेमात हसवणारी बाई म्हणजे बहुतेक कडेची बाई. हिंदीत टुणटुण पडद्यावर आली की लोक आधीच हसायचे, तिच्या जाडीला. हीच बाई उमादेवी या नावानं १९४७ साली ‘दर्द’मध्ये ‘अफसाना लिख रही हूँ’ गायली होती, हे त्या हसण्यात कुणाच्या लक्षात राहणार! रंजनाच्या बाबतीत नायिकाही तीच आणि हसवणारीही तीच. व्ही. शांतारामांच्या ‘चानी’त (१९७७) जिनं लोकांना चटका लावला, १९८१ च्या ‘अरे संसार संसार’मध्ये जिनं शेतकऱ्याच्या घरातलं दुःख दाखवून आमच्या काकूला दोन दिवस जेवू दिलं नाही, ती त्याच साली ‘गोंधळात गोंधळ’ घालत होती. पुढं ‘गुपचुप गुपचुप’ आला, ‘मुंबईचा फौजदार’ आला. काकू यातला एकेक सिनेमा मिळेल तसा बघत गेली, कधी तंबूत, कधी गणपतीत भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर, कधी दूरदर्शनवर. रात्रभरात तीन सिनेमे बघून सकाळी सडा घालताना ती झोपेत झाडाला धडकली होती, ते निराळं.

३ मार्च २००० ला रंजना गेली. तो शुक्रवार. शनिवारी महाशिवरात्र होती.

मी तेव्हा शिक्षण संपवून नोकरीची वाट बघत घरी बसलेलो. अशा पोराकडं घरात पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचं काम असतं. सकाळचं ऊन चौकात आलं होतं. आजी कवठ फोडत होती, काकू उकडलेले बटाटे सोलत होती, आणि मामी भगर निवडायच्या निमित्तानं आल्या होत्या. मी बातमी वाचली.

‘कोण गेली?’ आजीनं विचारलं.

‘रंजना.’

‘कोणाची?’

‘कोणाची न्हाई वं माय, सिनेमातली,’ काकू म्हणाली. बटाटा तिच्या हातात तसाच राहिला.

मग चौकात जे सुरू झालं ते मातीला जाऊन आलेल्या घरात होतं तसंच. आधी नातीगोती लावली गेली. ती पिंजऱ्यातल्या संध्याची भाची. आई वत्सला देशमुख, तीही पिंजऱ्यात होती की. ‘म्हंजे घराणंच तसलं,’ असा आजीनं शेरा मारला. त्यात कौतुक किती आणि नाक मुरडणं किती ते सांगणं अवघड. वय काय होतं? पंचेचाळिशी पण पुरी नव्हती. अरारा. काय झालं होतं? मग मी तो अपघात वाचला. १९८७ मध्ये चित्रीकरणासाठी बंगळुरूकडं जाताना मोटारीला अपघात झाला आणि तिचे पाय गेले. तेरा वर्षं ती त्यातून उठली नाही.

हे ऐकून सगळ्या गप्प झाल्या. अपघाताचं उडतउडत कानावर आलेलं होतं, पण तेरा वर्षांचा हिशेब कुणी केला नव्हता. करणार कसा? आम्ही तिला तंबूत बघितलं त्याच्या पुढच्याच वर्षीचा तो अपघात. पण तंबू त्यानंतरही दरसाल येत राहिला, आणि त्यातली ती दरसाल धावत, भांडत, पदर खोचत राहिली. परळीतल्या बायांच्या लेखी तिला काहीच झालेलं नव्हतं.

‘चाकाच्या खुर्चीवर बसून तिनं नाटक केलं होतं, “फक्त एकदाच” नावाचं,’ मी सांगितलं.

काकू विचारात पडली. ‘बसून कसं भांडली असंल?’ ती म्हणाली.

एवढ्यात आजीला मुद्द्याचं आठवलं. ‘मग आज देवाला जायचं का न्हाई? सुतक तर न्हाई ना लागत?’

बस. मामींना पहिला ठसका लागला. ‘लागतंय की, दहा दिवसाचं,’ त्या म्हणाल्या, ‘अन् अशोक सराफाला बाराव्याला बोलवायचं.’ एकदा बांध फुटल्यावर मग कसला दुखवटा! ‘ती न्हाई का, नवऱ्याला उठवतीया,’ ‘अन् ती न्हाई का, सासूसंगं,’ असं सुरू झालं. सिनेमाचं नाव एकीनंही घेतलं नाही. एका सिनेमातला नवरा दुसऱ्या सिनेमातल्या सासूच्या पोटी घातला गेला, कुणाचे संवाद कुणाच्या तोंडी. शेवटी मामी उठल्या, चुलीजवळचा झारा हातात घेतला, पदर ओढून कमरेला खोचला, आणि माझ्यासमोर, म्हणजे एका कळत्या बाप्यासमोर, रंजना करून दाखवली. भगर चौकभर झाली. काकूनं पदराचा बोळा दातांत धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. त्या दिवशी ते कशानं हलत होते, मी विचारलं नाही.

पेपरात मजकूर मोठा जड होता. हास्याचा झरा वगैरे आटलेला होता. अशा मजकुराला माझी हरकत नाही, तो कुणालाही चालतो. पण सोबत जो फोटो होता तो काकूनं हातात घेऊन उन्हात धरला. फोटोत रंजना छान दिसत होती, केस नीट विंचरलेले, पदर दोन्ही खांद्यांवरून सोज्वळपणे घेतलेला.

‘हा फोटू तिचा न्हाई,’ काकू म्हणाली.

‘तिचाच आहे. खाली नाव आहे बघ.’

‘नाव असंल. पदर बघ की.’

तो पेपर पुढं तिनं डब्यांखाली अंथरला. वरचा भाग, फोटोचा, फळीच्या मागच्या बाजूला. त्यात हळवेपणा नव्हता, तो कागद त्या मापाला बसत होता. थर्मल वीजकेंद्राची राख आमच्या परळीत फळीवरही बसते आणि फोटोवरही. वर्षाभरात त्यातलं काही दिसेनासं झालं.

आता काकू ऐंशीच्या पुढं गेली. मी संभाजीनगरला असतो, दोन-तीन महिन्यांनी परळीला जातो. मागच्या खेपेला माझ्या पोरीनं तिला मोबाइलवर रंजनाची एक चित्रफीत लावून दिली. मिनिटभराचीच, कुणीतरी अलीकडून पलीकडून कापलेली, आणि खाली तऱ्हेतऱ्हेच्या लोकांची हसरी तोंडं. काकूला ऐकू कमी येतं. आवाज तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. तरी ती हसत होती, आणि माझ्या ध्यानात आलं की ती आमच्या आधी हसायली. संवाद यायच्या आत तिचं हसू निघून गेलेलं असायचं. रंजनाचा हात पदराकडं गेला की हिचं सुरू.

‘मागं घे,’ ती पोरीला म्हणाली. पोरीनं मागं घेतलं. ‘आणखी मागं. हां, आता बग.’

पोरगी पडद्याकडं सोडून काकूकडंच बघत होती. तिनं असं काही बघितलेलंच नव्हतं: डोक्यावरून पदर घेतलेली म्हातारी, आणि तिनं त्याच पदराचं टोक ओढून घट्ट तोंडावर दाबून धरलेलं.

‘आजी, हसायला लाजतेस काय गं?’ पोरीनं तिच्या कानाशी ओरडून विचारलं.

काकूनं पदर जरासा बाजूला केला.

‘लाजून न्हाई धरला,’ ती म्हणाली. ‘कवळी पडंल म्हणून.’