शेवटी क्लाउनफिश ॲनिमोनीत बसले
आर्वीकडच्या आमच्या गावात खाऱ्या पाण्याचा टँक म्हटलं का लोकं पाहालेच येतात. ऑसेलॅरिस जातीच्या क्लाउनफिशची जोडी आणली, बबल टिप जातीची ॲनिमोनी (फुलावानी दिसणारा समुद्री जीव, ज्यात हे मासे राहतात) आणली, पण ३ आठवडे दोघं पंपामागंच झोपत. समुद्रात ऑसेलॅरिस बबल टिपमध्ये राहतच नाही, तिथं त्याचं घर मॅग्निफिका नाहीतर जायंट कार्पेट जातीची ॲनिमोनी, अन् फार्मवरच्या पिल्लांनी तर ॲनिमोनी पाहिलेलीच नसते, म्हणून धीर धरा, हातानं ढकलू नका बाप्पा. मी पंपाच्या तोंडाला स्पंज लावला, ॲनिमोनी फिरते अन् ओढली गेली का संपली. उन्हात पाणी उडते, भर आरओच्या गोड्या पाण्याचीच, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५. परवा मोठ्या मादीनं आधी शेपटी घासली, मग अंग. सकाळी दोघंही आत. माय म्हणे, पोरं घरी आली.